आभाळाची काळजी

कोळशाच्या वखारीत गिऱ्हाईक आलं तर वखारवाल्यानं काय विचारावं? किती देऊ, एवढंच ना? आमचे घरमालक विचारायचे, "कसाले पाह्यजे?" म्हणजे, कशाला हवाय. गिऱ्हाईक बिचारं सांगायचं, बंबाला पाहिजे, इस्त्रीला पाहिजे, घरी पाहुणे आलेत. झालं, यांची उलटतपासणी सुरू. पाहुणे राहणार किती? बंब रोज पेटवायलाच हवा का? चैत्रात नंदुरबारच्या विहिरीचं पाणी तसंही कोमटच निघतं, ते आणखी तापवून अंगावर ओतून घ्यायची ही कुठली हौस? शेवटी गिऱ्हाईक कंटाळायचं आणि मागायला आलं त्याच्या निम्मा कोळसा घेऊन जायचं, नाहीतर सरळ स्टेशनाजवळच्या दुसऱ्या वखारीची वाट धरायचं. आणि मालक ओट्यावर बसून समाधानानं म्हणायचे, चला, आज पोतंभर तरी वाचला.

गावानं त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं. मीसुद्धा काढलं असतं. पण मी त्यांच्या घरात भाड्यानं राहिले आणि माझी लेक त्या घरात जन्मली. म्हणून त्यांचा विषय निघून कुणी हसायला लागलं, की मी आधी त्याच्याबरोबर पोटभर हसून घेते, कारण हसण्यासारखं होतंच, आणि मग त्याला खाली बसवून सगळं सांगते.

त्यांना सगळे काका म्हणायचे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. वखार बापाच्या वेळची. विसरवाडीकडच्या जंगलातून लाकडी कोळशाच्या गाड्या यायच्या, आणि दगडी कोळसा रेल्वेनं. गावातल्या जिनिंगवाल्यांना, हलवायांना, लोहारांना, सगळ्यांना इथूनच माल जायचा. चांगलं चाललं होतं म्हणतात. मग एके दिवशी हायस्कुलातले सायन्सचे मास्तर कोळसा न्यायला आले. त्यांच्या हातात विलायतेहून आलेलं कसलंसं मासिक होतं. पोतं भरेपर्यंत बसल्या बसल्या त्यांनी त्यातलं एक पान काकांना मराठीत सांगितलं. माणूस जो कोळसा जाळतो त्याचा एक न दिसणारा वायू होतो, तो हवेत साठून राहतो आणि त्यानं पृथ्वीची हवा हळूहळू तापत चाललीय, असं तिकडच्या कुणा इंजिनिअराचं म्हणणं. मास्तर सांगून मोकळे झाले आणि विसरूनही गेले. काकांच्या मात्र ते डोक्यात जे बसलं ते शेवटपर्यंत उतरलं नाही. कोळसा विकणाऱ्या माणसालाच ही गोष्ट कळावी, हा त्यांना देवाचा सांगावा वाटला. वखार बंद करायचा विचारही त्यांनी केला होता म्हणे. पण मग लोक दुसरीकडून हवा तेवढा घेतील आणि त्यांना कुणी काही विचारणारही नाही. त्यापेक्षा आपणच विकावा आणि कमी विकावा, असा त्यांचा हिशोब होता. उंटावरचा शहाणा म्हणा हवं तर.

ते समजवायचे फार सोपं. आभाळ म्हणजे एक पातळ गोधडी आहे, ती आहे म्हणून आपण रात्री गारठून मरत नाही. पण आपण रोज तिच्यावर आणखी एक, आणखी एक टाकत चाललो तर? उन्हाळ्यात कुणी गोधड्यांवर गोधड्या घेतं का? समोरचा म्हणायचा, नाही. मग काका म्हणायचे, घेतोय की आपण. नेमकं त्याच वेळी सुरतेची गाडी काळा लोट सोडत स्टेशनात शिरायची, आणि ते त्या लोटाकडे असं बघायचे, जसं घरातल्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं.

आता त्यांच्या घरात आम्ही आलो कसे ते सांगते. आमचे हे पोस्टात कारकून. बदली नंदुरबारला झाली. माझं सासर धानोऱ्याचं, शेतीवाडीचं खटल्याचं घर, तिथून सासूबाई आमच्याबरोबर आल्या. खोली बघायला गेलो तर बाकीचे घरमालक जात विचारतात, माणसं किती विचारतात. काकांनी विचारलं, चुली किती? ह्यांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्या घराचा नियमच होता, एका छपराखाली एकच जाळ. आमच्या आधीच्या भाडेकरूनं आंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या दारी गुपचूप बंब पेटवला, तर काकांनी त्याला सामानासकट बाहेर काढलं होतं.

घर म्हणजे मधे एक भिंत आणि दोन्हीकडे दोन दोन खोल्या. पलीकडे चाचा-चाची राहायचे, काका स्वतः लागूनच्या वखारीत. चाचा पिंजारी, गाद्या-उशांचा कापूस पिंजायचे, त्यांची धनुकली दिवसभर वाजायची. आता एक जाळ आणि दोन स्वयंपाकघरं, तीही एक आमचं आणि एक त्यांचं, हे जमावं कसं? काकांनी ती चूल भिंतीतच बांधली होती. आपल्या चुलीला कसा बाजूला वैल असतो, जाळ एकीकडे घालायचा आणि त्याची धग वैलावर जाऊन तिथं दुसरं भांडं शिजतं, तसंच. फक्त चूल भिंतीच्या एका बाजूला आणि वैल दुसऱ्या बाजूला. एक आठवडा जाळ आमच्याकडे आणि वैल चाचीकडे, दुसऱ्या आठवड्याला विटा काढून-घालून उलट करायचं. धूर मधल्या धुराड्यातून सरळ छपरावर. भांडी ज्याची त्याची, पीठ ज्याचं त्याचं. एक जाळ तेवढा दोघांचा.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि पहिला दिवस त्या चण्या-गुळावर राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीवर गोमूत्र शिंपडायला लागल्या. चाचीला वैलाच्या भोकातून ते दिसायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिकडून तिचा शांत आवाज आला, "माय, थोडं मन्ही बाजूलेबी शिपडा." सासूबाई आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की हातातली वाटी सांडली. अग्नीला कसला आलाय विटाळ, असं त्याच मग शेजारणींना ऐकवायला लागल्या. त्या भोकातून आमच्या किती गप्पा झाल्या असतील, आणि किती वेळा तव्यावरची भाकरी करपली असेल, विचारू नका.

संध्याकाळी ओट्यावर काका आणि चाचा यांची जुगलबंदी चालायची. एकच विषय, आणि दोघांनाही त्याचा कधी कंटाळा आला नाही. चाचांना काकांचं म्हणणं मुळीच मान्य नव्हतं. एवढं मोठं आभाळ, ते परवरदिगारानं बनवलं, आणि त्याला माणसानं बिघडवावं? माणसाची ऐपत काय? ते म्हणायचे, "मुंगीनी चिलीम वढी तं हत्तीले ठसका लागस का?" काका म्हणायचे, "एक मुंगी नही ना चाचा, सगळं वारूय वढी ऱ्हायनं." चाचा मान हलवायचे आणि चिलीम काकांच्या हातात द्यायचे. काकाही ती ओढायचे. आभाळाची एवढी काळजी आणि चिलीम सुटत नाही, यावरून चाचा त्यांना भारी पिडायचे.

कधी तापीकाठचे शेतकरी बाजारच्या दिवशी ओट्यावर टेकायचे. त्यांनाही चाचांचीच बाजू पटायची. एक म्हातारे पाटील होते, त्यांनी संवत छप्पनचा, आधीच्या शतकाच्या अखेरचा तो मोठा दुष्काळ पोरवयात पाहिलेला. त्यांनी एकदा विचारलं, "छप्पनना दुष्कायमा कोनती गिरणी धूर सोडी ऱ्हायनी व्हती?" तेव्हा कुठं होता एवढा कोळसा, एवढ्या गाड्या? मग पाऊस का पडला नाही? सगळे काकांकडे बघायला लागले. मी दाराआड पीठ चाळत होते, मलाही वाटलं, आता सापडले. काका म्हणाले, "ते माले माहीत नही." दुष्काळ धुरानं पडतो असं मी म्हणतच नाही, म्हणाले, दुष्काळ पूर्वीही पडायचे, पुढंही पडतील. मी म्हणतो, वरची गोधडी जाड होतेय. एवढंच मला कळलंय, आणि तेही एका पानावरून. चाचांनी लगेच दुसरा पेच टाकला, मासिकात तर कोळशाचं लिहिलंय, मग बायकांच्या चुलीतल्या लाकडामागं का लागता? काका म्हणाले, मोलगीच्या वरचे डोंगर मी पूर्वी पाहिलेत आणि आता पाहिलेत. लाकूड परत उगवलं तर माझं काही म्हणणं नाही, पण उगवू देतंय कोण?

स्वतःच्या मताचं एवढं वेड असलेला माणूस 'मला माहीत नाही' असं इतक्या सहज म्हणताना मी दुसरा पाहिला नाही. चार बुकं शिकलेले लोकसुद्धा ते तीन शब्द गिळून टाकतात.

होळीची गंमत सांगायलाच हवी. आमच्याकडे गल्लोगल्ली होळी, आणि कुणाची उंच यावरून चुरस. काकांच्या मनानं घेतलं की सगळ्या गावाची मिळून एकच होळी करायची. ते घरोघर गेले, गल्लीगल्लीतल्या पुढाऱ्यांच्या पाया पडले. लोकांनी मान डोलावली, हो काका, का नाही काका. होळीसाठी कुणाचा लाकूडफाटा पळवला तरी त्याचा राग धरायचा नाही, ही तर चालतच आलेली रीत. पौर्णिमेला काका उठून बघतात तो वखारीत विकायला ठेवलेलं जळाऊ लाकूड अर्ध्याच्या वर गायब, आणि त्या वर्षी गावात होळ्या नेहमीपेक्षा उंच रचलेल्या. चाचा हसून हसून गादीवर आडवे झाले. काका संध्याकाळी गुपचूप प्रत्येक होळीला नारळ वाहून आले. म्हणाले, लाकूड आपलंच आहे, तर नमस्कार तरी करून येऊ.

हसा, हसा. मीही हसायची. पण एके संध्याकाळी त्याच ओट्यावरचं एक बोलणं ऐकून माझं हसू पळालं.

त्याआधीचं सांगावं लागेल. माझं पहिलं बाळ धानोऱ्याला झालं होतं. मुलगा. पौषातली थंडी होती. आमच्यात बाळंतिणीला शेक-शेगडी म्हणजे काय थाट, विचारू नका. खोलीची खिडकी गोणपाटानं बुजवली, दाराला गोधडी लावली, वाऱ्याची झुळूक आत यायला नको. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, रात्रंदिवस. ओव्या-शेपाची धुरी वेगळी. सासूबाईंनी जीव ओतून केलं, खोटं बोलणार नाही, स्वतः जागून त्या शेगडीत कोळसा घालायच्या. पाच-सहा दिवसांत माझं डोकं असं ठणकायला लागलं की भिंती फिरायच्या. उलट्या झाल्या. कुणी म्हणालं बाळंतवात. बाळ मात्र लालबुंद दिसायचं, ओठ तर कुंकवासारखे, म्हणून सगळ्या बायका खूश, काय तजेला आहे पोरावर. दुपारी पाजायला उचललं तर गार. गालांवरचा रंग तसाच होता. सटवाईनं नेलं, असं ठरलं. मीही तेच मानलं. दुसरं काय मानणार होते?

तर त्या संध्याकाळी काका चाचांना सांगत होते की जो धूर दिसतो तो भोळा, तो डोळे झोंबवतो, माणूस उठून बाहेर पळतो. खरा चोर तो वायू, ज्याला रंग नाही, वास नाही, निखारा नुसता फुललेला असतो आणि तो निघत असतो. चाचा म्हणाले, "जे दखास नही ते मी एक अल्लालेच मानस. तुमना वायूले कसाले मानू?" न दिसणारा मानायचा तो एक अल्ला, वायू कशाला! ओट्यावर हशा झाला. मी आत भाकरी थापत होते. माझा हात तसाच पिठावर राहिला. निखारा फुललेला, धूर नाही, वास नाही. मला ती बाजेखालची शेगडी दिसायला लागली. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्या सायन्सच्या मास्तरांना विचारलं, आभाळाचा वायू आणि माझ्या खोलीतला वायू एकच का? ते म्हणाले, एकच नव्हे, पण दोन्ही एकाच कोळशाची पोरं. मला तेव्हा एवढा फरक कळत नव्हता. माझं बाळ कशानं गेलं, तेवढं कळलं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आईला कसं सांगू, तुझ्या हातून नातू गेला म्हणून? तेही खरंच होतं. आमचे हे सगळ्या तालुक्याची पत्रं बिनचूक पोचवायचे, पण स्वतःच्या आईपर्यंत एक वाक्य पोचवणं त्यांना जन्मभर जमलं नाही. आणि त्या काळच्या सुनेनं तोंड उघडायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी गप्प राहिले.

वर्षभरात मला पुन्हा दिवस गेले. दिवाळीनंतर सासूबाईंनी तयारी काढली. ओवा, शेपा, डिंक, आणि कुंभाराकडून नवी कोरी शेगडी. शेगडी दारात आली तसे काका ओट्यावरून उठले. "आठे दुसरी आग पेटाव नही," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीची शेगडी म्हणजे काय चैनीचा बंब आहे का? काका म्हणाले, आग ती आग. मग जी जुंपली! सासूबाईंनी त्यांचं आभाळ काढलं, त्यांची सात पिढ्यांची अक्कल काढली, निपुत्रिकाला लेकराची माया काय कळणार, इथपर्यंत गेल्या. काका ऐकून घेत राहिले, पण हलले नाहीत. शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं, आठवड्याच्या बाजाराला धानोऱ्याची गाडी येईल, तिच्यातून सुनेला घेऊन जाते. बाळंतपण तिथं, त्याच खोलीत.

त्याच खोलीत. मी देवाला एकच मागत होते, की काकांनी हट्ट सोडू नये आणि सासूबाईंनी सोडावा. चाचीला वैलाच्या भोकातून सगळं सांगितलं तर ती म्हणाली, काका फुटणार नाहीत, दगड आहे तो माणूस. दोन दिवस ते खरंच दगडासारखे राहिले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी भांडण सोडलं आणि रडायला घेतलं. ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, एक नातू गेला, दुसरं जर थंडीनं गेलं तर पाप कुणाच्या माथी? मी म्हातारी आहे, भाऊ, माझ्यानं आणखी एक बघवणार नाही. काका उठून वखारीत निघून गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते कोळशाची पाटी घेऊन. स्वतः निवडलेला, चाळलेला, बाभळीचा, एक कचरा नाही त्याच्यात. पाटी सासूबाईंपुढं ठेवली आणि म्हणाले, "घ्या, बहीण. आभाय काय पयी जास नही. एक डाव चाली जाई." म्हणजे, एक वेळ चालून जाईल.

जो माणूस अख्ख्या गावानं वेडा म्हटलं तरी बदलला नाही, तो एका म्हातारीच्या रडण्यानं विरघळला होता. सासूबाई त्यांच्या पाया पडायला वाकत होत्या. हे पोस्टात गेलेले. मी दाराच्या आत उभी, नववा महिना. मला कळलं, आता माझ्या बाळाच्या आणि त्या शेगडीच्या मधे कुणीच उरलं नाही. परक्या पुरुषाशी सासूसमोर मी कधी थेट बोलले नव्हते. पदर पुढं ओढला आणि दाराबाहेर आले.

"काका, तो कोयसा परत लई जा. मन्हा पह्यला आंडोर त्यानाच वायूमा गया. तुम्हीनच चाचाले सांगतस ना, जे दखास नही तेच मारस."

मग माझा पहिला मुलगा कसा गेला ते मी सगळं सांगितलं. बुजवलेली खिडकी, डोकेदुखी, उलट्या, लालबुंद ओठ. बोलताना सासूबाईंकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून पाटीतल्या कोळशाकडे बघत बोलले. चाचांची धनुकली केव्हाच थांबली होती. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी बारीक, "माले कोनी सांगं का नही?"

काका त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. माझ्याशी नाही, त्यांच्याशीच बोलले. म्हणाले, बहीण, धानोऱ्याला कोळसा माझ्याच वखारीतून जातो. अख्ख्या गावाला विचारतो कशाला पाहिजे म्हणून. "बायंतीणले पाह्यजे म्हनं, तं मी कधी काही इचारं नही. वरथून मूठभर जास्ती दिन्हा." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. एवढी वर्षं वर आभाळाकडे बघत आलो, म्हणाले, खोलीत काय होतं ते बघायचं सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, भाऊ, तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं? मग सासूबाई उठल्या, ती पाटी आपल्या हातांनी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. नवी शेगडीही त्यांनीच कुंभाराकडे परत केली. त्या दुपारी त्या माझ्या केसांना तेल लावायला बसल्या. त्या बाईबद्दल माझ्या मनात जी अढी होती ती त्या दिवशी गेली.

बाळंतपण त्याच घरात झालं. शेक कसा दिला? चुलीच्या भिंतीला बाज लावली. भिंतीत आतून जाळ, त्यामुळे ती कशी ऊबदार, जशी जनावराची पाठ. चाची त्या आठवड्यात बारी नसतानाही जाळ स्वतःकडे घेऊन बसली आणि तो विझू दिला नाही. तिकडून ती जाळ घालायची, इकडून सासूबाई भिंतीवर फडकी तापवून मला शेकायच्या. खिडकी सताड उघडी. खिडकीबाहेर, हवा येईल एवढं अंतर सोडून, वाऱ्याला आडवी काकांनी ताडपत्री धरली होती, आधी हातानं, मग कुणीतरी सांगितल्यावर खिळे ठोकून. मुलगी झाली. थोडी सावळी, बारीक, आणि आवाज असा की चाचा म्हणाले, ही पाळण्यातूनच भांडायला येईल. आज ती स्वतः आजी आहे आणि भांडते.

त्यानंतर काकांच्या वेडाला नवी फांदी फुटली. गिऱ्हाईकानं बाळंतिणीसाठी कोळसा मागितला की ते वखार तशीच टाकून पहार घेऊन त्याच्या घरी जायचे आणि बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीला वर विटेएवढं भोक पाडून यायचे. विचारणं नाही, पुसणं नाही. लोक अंगावर धावून जायचे. एकदा तर कुणा सावकाराच्या नव्या गिलाव्याच्या भिंतीला भोक पाडलं म्हणून मारही खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहार खांद्यावर. जुन्या नंदुरबारात कुठल्या घरात छताखाली असं विनाकारण भोक दिसलं, तर मी उभी राहून हात जोडते. लोकांना वाटतं म्हातारीला चिमण्यांचं घरटं दिसलं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. आयुष्यभर कोळशाची भुकटी छातीत गेलेली, दुसरं काय होणार? शेवटच्या दिवसांत चाचा त्यांच्या उशाशी असायचे. काकांनी एकदा धापा टाकत विचारलं, आता तरी पटलं का? चाचा म्हणाले, "नही पटनं, भाऊ." दुसरा कुणी असता तर मरणाऱ्याचं मन राखायला हो म्हणाला असता. काका हसले, फार दिवसांनी मनापासून हसले, आणि ते हसणं खोकल्यात गेलं. चितेला लाकूड किती लावायचं, यावर ते उठून घासाघीस करतील, असं मला जाळ लागेपर्यंत वाटत होतं.

आभाळाचं खरं काय, मला नाही सांगता यायचं. हल्ली रेडिओवर कुणीतरी तेच सांगत असतं आणि लगेच दुसरा कुणी ते खोडून काढतो. मला त्यांच्यात काका आणि चाचाच ऐकू येतात. पाटलांना ते म्हणाले होते तसं मीही म्हणते, मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की एका माणसानं आभाळाची काळजी केली आणि तिचा उपकार माझ्या पदरात पडला.

काका म्हटलं की मला आठवतो तो बारशाचा दिवस. धानोऱ्याहून सगळी मंडळी आली होती, जावा, नणंदा, गल्लीतल्या बायका. चाची भिंतीपलीकडून घुगऱ्या शिजवून देत होती. काकांना बोलावणं होतं, पण ते दारातच उभे. वखारीतून गाडी उतरवून तसेच आले होते. आत या म्हटलं तरी येईनात. सासूबाईंनी पाळण्यातून बाळ उचललं आणि भरल्या घरासमोर म्हणाल्या, आधी भाऊंच्या मांडीवर. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण तो मान आत्याचा. काकांना ओढून चटईवर बसवलं. ते हात पाठीमागं लपवून बसले. दोन्ही तळवे, मनगटापर्यंत, कोळशानं काळे. नको बहीण, पोरीला लागेल, म्हणाले.

सासूबाईंनी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा एक हात धरून पुढं ओढला. "लागू द्या, भाऊ. तीट तं लावनीच शे."

काकांनी एका अंगठ्यानं तिच्या गालाला हात लावला, जेमतेम टेकवला म्हणायचं, आणि त्यांचे डोळे भरून आले. गालावर काळा ठसा उमटला. त्या दिवशी आम्ही दुसरी तीट लावली नाही.